छायाचित्राखालची ओळ

छायाचित्र स्वतःच बोलते, त्याला शब्दांची गरज नसते, असे पुष्कळदा म्हटले जाते. सणाची स्मरणिका चाळताना, लग्नघरातील आल्बम पाहताना किंवा हातातल्या फोनवर एकामागून एक सरकणारी चित्रे न्याहाळताना हे म्हणणे खरेही वाटते. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. छायाचित्र दाखवते, सांगत नाही. ही व्यक्ती कोण, कुठली, तेथे कशासाठी उभी आहे, या प्रश्नांची उत्तरे चित्राच्या चौकटीबाहेर राहतात आणि ती देणारी ओळ चित्राखाली कोणाला तरी लिहावी लागते. ती ओळ कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, यावर चित्राचा अर्थ पुष्कळसा अवलंबून असतो. म्हणून छायाचित्रांची समीक्षा करावयाची तर त्यांच्याखालच्या मजकुराचीही केली पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही ती एक प्रदर्शन व एक संग्रह यांच्या निमित्ताने करीत आहोत.

प्रदर्शन आहे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांचे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या व मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांना ते परिचित आहेत. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतून हिंडताना त्यांनी कष्टकरी ग्रामीण स्त्रियांची जी छायाचित्रे टिपली, त्यांतून 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन', म्हणजे दिसणारे काम व न दिसणाऱ्या स्त्रिया, हे प्रदर्शन उभे राहिले. ते बसस्थानकांवर, रेल्वेस्थानकांवर, कारखान्यांच्या दारांत, मजुरांच्या मेळाव्यांत व शाळा-महाविद्यालयांत मांडले गेले. संग्रह आहे तो याच साईनाथ यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१४ मध्ये इंटरनेटवर खुला झालेला 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', संक्षेपाने 'पारी'. ग्रामीण भारतातील माणसांची छायाचित्रे आणि त्यांच्या हकिकती अनेक हातांनी येथे आणून ठेवल्या आहेत. हौशी, व्यावसायिक, विद्यार्थी असे नाना प्रकारचे लोक त्यांत आहेत, आणि त्यांतील कित्येक हकिकती मराठीतही वाचावयास मिळतात.

छायाचित्रकारांनी एकत्र येऊन आपली चित्रे व त्यांची माहिती लोकांपुढे ठेवावी, ही प्रथा आपल्या प्रांतात मुळीच नवी नाही. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर काही भारतीयही तिचे सभासद होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतील एक. या मंडळाच्या आश्रयाने १८५६ सालापासून विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी एक मासिक आल्बम काढला. दर अंकात तीन छायाचित्रे चिकटवलेली आणि सोबत त्यांचे वर्णन. चित्र आणि त्याची कथा यांची जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे.

परंतु ती कथा कोणाची होती? जॉन्सन यांनी पुढे १८६३ व १८६६ साली मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली, तर पाठीमागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, आणि दोहोंना कातरून एकत्र जोडलेले, असा प्रकार आहे. शीर्षके जातीची वा पंथाची आहेत. चित्रातील स्त्री किंवा पुरुष हा त्या जातीचा नमुना म्हणून तेथे उभा आहे. त्याला आईबापांनी ठेवलेले नाव होते, घर होते, त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे उभे राहताना त्याच्या मनात काहीतरी चालले होते. यांतले काहीही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. कात्री माणसाच्या आकृतीभोवती फिरली तेव्हा त्याचे गाव व त्याचे नाव बाहेरच राहिले.

आपल्या समाजालाही हा अनुभव अपरिचित नाही. परदेशी मिशनऱ्यांनी आपल्या खेड्यापाड्यांतून काढलेली छायाचित्रे युरोपातील मिशन नियतकालिकांतून छापली जात. अशा चित्रांखाली बहुधा 'एक ख्रिस्ती कुटुंब', 'धर्मशिक्षक व त्याची पत्नी' एवढाच मजकूर असे. काढणाऱ्यांचा हेतू सद्भावाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही ज्या धर्मगुरूंनी स्नानसंस्काराच्या नोंदवहीत प्रत्येक बालकाचे नाव, आईबापांचे नाव, गाव व तारीख काटेकोरपणे लिहिली, त्यांच्याच काळातील छायाचित्रे निनावी राहिली, ही विसंगती मनाला बोचल्याशिवाय राहत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून साईनाथ यांच्या प्रदर्शनाकडे वळावे. वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या, माती उपसणाऱ्या, चिखलात रोपे लावणाऱ्या, घर झाडणाऱ्या, बाजाराला ओझी नेणाऱ्या स्त्रिया येथे एकामागून एक दिसतात. छायाचित्रे कृष्णधवल असून त्यांत नटवेपणा नाही. त्यांतले एक छायाचित्र आमच्या विवेचनाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ओडिशातील रायगडा भागातले एक शेत. जमीनमालक छायाचित्रासाठी ताठ उभा राहिला आहे. त्याच्या शेजारी मजूर स्त्रिया ओळीने कमरेत वाकून भाताची लावणी करीत आहेत. नुसते चित्र पाहिले तरी एक ताठ कणा आणि अनेक वाकलेल्या पाठी यांतला विरोध जाणवतो. पण सोबतचा मजकूर वाचल्यावर कळते की, आपण किती मजुरी देतो हे मालकाने सांगितले, आणि नंतर त्या स्त्रियांनी जो आकडा सांगितला तो त्याहून बराच कमी होता.

हा फरक जगातल्या कोणत्याही कॅमेऱ्याला टिपता आला नसता. छायाचित्रात मालकाचा अभिमान दिसतो, स्त्रियांचे श्रम दिसतात. खोटेपणा दिसत नाही. तो कळण्यासाठी कोणाला तरी मालक निघून जाईपर्यंत थांबावे लागले, त्या स्त्रियांजवळ जावे लागले आणि प्रश्न विचारून उत्तर ऐकावे लागले. मजकूर चित्राची सजावट म्हणून येत नाही. तो चित्राला साक्षीचे मोल देतो. ज्यांना चौकटीत खाली पाहावे लागले, त्यांना ओळीत बोलावयास मिळाले. या प्रदर्शनाचे खरे यश आमच्या मते येथे आहे.

हे चित्र ओडिशातले असले तरी नाशिक जिल्ह्यातील वाचकाला ते दूरचे वाटणार नाही. चांदवड घ्या. मुंबई-आग्रा महामार्गावरील या तालुक्याच्या गावी बाहेरचा छायाचित्रकार आला, तर त्याचा कॅमेरा प्रथम अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाकडे, रेणुकामातेच्या देवळाकडे किंवा मागच्या डोंगरी किल्ल्याकडे वळतो. ते योग्यही आहे. पण त्याच तालुक्याच्या शेतांत कांद्याच्या लागवडीच्या दिवसांत वाफ्यांमधून बायकांच्या टोळ्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेल्या असतात. रोपे लावणाऱ्या त्या, खुरपणाऱ्या त्या, काढणीनंतर पात कापून खांडणी करणाऱ्याही त्याच. वर्तमानपत्रात कांद्याची बातमी येते तेव्हा सोबत छायाचित्र बहुधा बाजार समितीतल्या लिलावाचे असते: ट्रॅक्टरांच्या रांगा, कांद्याचे ढीग, व्यापारी आणि शेतकरी पुरुष. चित्र खोटे नसते. पण कांदा बाजारात येईपर्यंत ज्यांचे हात त्याला लागले, त्या स्त्रिया चौकटीत येत नाहीत. काम दिसते आणि करणारी दिसत नाही, हे प्रदर्शनाच्या नावातले वचन लासलगाव-चांदवड परिसराला तंतोतंत लागू पडते.

याच चांदवडने एकदा स्त्रियांना चौकटीच्या मध्यभागी आणले होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन येथे भरले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील या अधिवेशनाला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शेतकरी स्त्रिया प्रचंड संख्येने आल्या. त्यांच्यापुढे ठेवलेला विचार 'चांदवडची शिदोरी' या नावाने प्रसिद्ध झाला. असल्या सभेची छायाचित्रे स्वभावतःच डोक्यांवरचे पदर मोजणारी असतात. त्यांतून संख्येची ताकद कळते. पण एखाद्या बाईने घरातली जनावरे कोणाच्या हवाली केली, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावाचून प्रवास करताना तिला काय वाटले, परत गेल्यावर दारात तिचे स्वागत कसे झाले, हे गर्दीचे चित्र सांगू शकत नाही. ते तिलाच विचारावे लागेल. त्या वेळी तिशीत असलेल्या स्त्रिया आज सत्तरीच्या घरात आहेत. विचारावयाचे असेल तर फार काळ हाती नाही.

त्या चळवळीने पुढे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम हाती घेतला. पतीने आपल्या शेतजमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करून द्यावा, असे आवाहन त्यातून करण्यात आले. जन्मभर ज्या शेतात राबली, त्याच्या सातबारा उताऱ्यावर तिचे नाव यावे, एवढी ती मागणी होती. साईनाथ यांच्या प्रदर्शनातही स्त्रियांच्या नावावर जमीन नसण्याचा प्रश्न आवर्जून येतो. सातबाऱ्यावरचे नाव आणि छायाचित्राखालचे नाव यांत मोठे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. एकाने हक्क मिळतो, दुसऱ्याने फक्त ओळख. परंतु दोन्ही ठिकाणी नाव गाळण्याची सवय एकच आहे, आणि जेथे ओळखच नाही तेथे हक्काची गोष्ट कोण काढणार?

येथेच या प्रदर्शनातील उणिवेचा विचार करणे आम्हांला भाग पडते. स्त्रियांच्या अदृश्यतेविरुद्ध उभ्या असलेल्या या चित्रमालिकेत कित्येक स्त्रियांची नावे मजकुरात आढळत नाहीत. त्या मजूर स्त्रिया, भूमिहीन स्त्रिया, आदिवासी स्त्रिया म्हणून येतात. लेखकाचा मुद्दा मोठा आणि न्यायाचा असला की त्यापुढे एकेका व्यक्तीचे नाव लहान वाटू लागते. जॉन्सन यांच्या खंडांत माणूस जातीचा नमुना झाला. येथे तो अन्यायाचा नमुना होण्याचा धोका आहे. दोहोंच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी चित्रातल्या बाईच्या वाट्याला येणारे निनावीपण सारखेच राहते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियात मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने एका चिंताक्रांत आईचे, तिच्या खांद्यांवर तोंड लपवलेल्या मुलांसह, छायाचित्र टिपले. 'मायग्रंट मदर' या नावाने ते जगभर गेले. पण लँगबाईंनी त्या आईचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांना कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. आणि तेव्हा, आपले हे छायाचित्र काढलेच गेले नसते तर बरे झाले असते, अशी खंत तिने बोलून दाखवली. ज्या चित्राने असंख्य लोकांच्या मनात करुणा जागवली, त्याने जिच्याविषयी ती जागवली तिला मात्र दुखावले होते. करुणेच्या कामात असलेल्या आपणां सर्वांना हे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. रायगड्याच्या त्या स्त्रियांची नावे छापली असती तर काय झाले असते? मालकाने सांगितलेला आकडा खोटा ठरवणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावर कोणी बोलावले असते का? दुर्बळाचे नाव झाकून ठेवणे हे कधी कधी त्याच्यावरील प्रेमाचेच लक्षण असते. धर्मगुरूला हे निराळे सांगावयास नको. कित्येक गोष्टी पोटात ठेवणे हे त्याचे व्रतच आहे. तेव्हा नाव न छापणे आणि नाव न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आम्ही म्हणू. पहिलीत काळजी आहे, दुसरीत बेपर्वाई. अडचण अशी की, वाचकाला या दोहोंतला फरक कळत नाही. 'तिच्या भल्यासाठी नाव दिलेले नाही' एवढे पाच शब्द लिहिले असते, तर तो कळला असता. उत्तम प्रदर्शनाकडून ही अपेक्षा करणे गैर नव्हे.

ही उणीव पुढे 'पारी'च्या संग्रहात बऱ्याच अंशी भरून निघालेली दिसते. तेथील 'फेसेस' हा विभाग आमच्या मते फार बोलका आहे. देशातील प्रत्येक जिल्ह्यातून स्त्री, पुरुष व मूल यांचे चेहरे टिपावेत, अशी त्यामागील कल्पना आहे, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, व्यवसाय, गाव, तालुका व जिल्हा दिलेला आहे. छायाचित्रे साधी आहेत. काही तर कलेच्या दृष्टीने बेताचीच म्हणावी लागतील. पण माणूस येथे स्वतःच्या नावाने उभा आहे. दुसरा उल्लेख करावा तो जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा रायरकर व गी पॉत्वँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचे हे धन २०१७ पासून या संग्रहात प्रसिद्ध होऊ लागले. ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव आणि पुष्कळदा तिचे छायाचित्रही आहे. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या बाईचा आवाज घराच्या भिंतीपलीकडे जात नव्हता. आता तो तिच्या नावानिशी ऐकू येतो. अर्थात 'फेसेस'मध्ये नाव आहे पण हकिकत त्रोटक, आणि प्रदर्शनात हकिकत आहे पण नाव पुष्कळदा नाही, हेही नोंदले पाहिजे. दोन्ही एकत्र येतात तेव्हाच चित्र पुरे होते.

नाव आणि हकिकत यांच्या अभावी किती गोष्टी निसटतात, हे आपल्या जिल्ह्याने २०१८ साली अनुभवले. त्या वर्षी ६ ते १२ मार्च या दिवसांत हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी चालत गेले. वनजमिनीचे हक्क ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. वृत्तपत्रांतून आणि फोनांवरून जी छायाचित्रे देशभर पसरली, त्यांत फोड आलेले, कातडी सोलवटलेले तळवे होते. ती पाहून लोक हळहळले, पाणी व पादत्राणे घेऊन धावले. पण तळव्यांना चेहरा नव्हता. काही पत्रकार पुढे त्या पावलांचा माग काढीत त्यांच्या घरापर्यंत गेले, तेव्हा कुठे त्यामागची जमिनीची कहाणी पुढे आली. शिवाय आणखी एक गोष्ट त्या चित्रांत नव्हती. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुंबईच्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून हे लोक शेवटच्या रात्री विश्रांती न घेता चालत राहिले व पहाटे आझाद मैदानात पोहोचले. जखमेच्या चित्राने त्यांचे दुःख दिसले. त्यांचे मोठेपण कळावयास ही हकिकत सांगावी लागली. नुसत्या दुःखाचे चित्र पाहणाऱ्याला दाता बनवते, आणि चित्रातल्याला याचक. हकिकत मिळाली की दोघे एका पातळीवर येतात.

वाचकहो, हा विचार मोठ्या संग्रहांपुरता नाही. आपल्या प्रत्येक घरात एक लहानसा संग्रह आहे. पत्र्याच्या पेटीत, कपाटातल्या पाकिटांत, भिंतीवरच्या चौकटीत आणि आता फोनमध्ये. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळची मुले, नव्या घराला दिलेला आशीर्वाद, शेतातली सुगी, एखाद्याची अंत्ययात्रा, अशी नाना तऱ्हेची चित्रे त्यांत आहेत. त्यांतल्या किती जणांची नावे आपल्या मुलांना ठाऊक आहेत? घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला आल्बम घेऊन शेजारी बसवावे. ती जे सांगेल ते छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहावे: नाव, नाते, गाव, साल, आणि तिच्या तोंडची एखादी गोष्ट. फोटोत मागच्या रांगेत उभा असलेला सालदार, बाळंतपणाला धावून आलेली शेजारीण, स्वयंपाकाला राबलेल्या बाया, यांचीही नावे लिहावीत. बहुधा तीच प्रथम विसरली जातात. धर्मग्रामाच्या सणाला अशी दहा-वीस चित्रे त्यांच्या हकिकतींसह सभागृहात मांडली, तर ते प्रदर्शन कोणत्याही शहरातल्या प्रदर्शनाहून कमी ठरणार नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र फोनवरून पुढे धाडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही माझी आई असती, तर या चित्राखाली कोणती ओळ असावी असे मला वाटले असते?

साईनाथ यांच्या प्रदर्शनाने वाकलेल्या पाठी आपल्या नजरेसमोर आणल्या, आणि त्यांच्या तोंडचा खरा आकडा आपल्याला ऐकवला. त्यासाठी आपण त्यांचे ऋणी आहोत. त्यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संग्रहाने चेहऱ्यांना नावे दिली, हे त्यापुढचे पाऊल आहे. आता पुढचे काम आपले आहे. चांदवडच्या वाफ्यांत या हंगामातही कांद्याची लागण होईल, कोणीतरी बांधावर उभे राहून छायाचित्र काढील. त्याने कॅमेरा खाली ठेवल्यावर वाफ्यात उतरावे आणि विचारावे, "मावशी, तुमचं नाव काय?"